सुखतळी

मराठीत उभे राहण्याला फार मान आहे. मुलगा चार पैसे मिळवू लागला की तो 'स्वतःच्या पायावर उभा राहिला' म्हणून आईबाप पेढे वाटतात. संकटात पाठीशी उभा राहतो तो मित्र. निवडणुकीला माणूस उभा राहतो (पुढे पाच वर्षे बसता यावे म्हणून, हे आलेच). उलट बसण्याची काय गत आहे पाहा. धंदा बसतो, आवाज बसतो, पावसाळ्यात जुने घर बसते आणि नापास मुलगा घरी बसतो. आता मला अशी दाट शंका आहे की, ही भाषा ज्यांनी घडवली ती सगळी मंडळी बसून काम करणारी असणार. दिवसाचे दहा तास उभे राहणाऱ्यांच्या हाती कारभार असता, तर 'अमुक एक बसला' या बातमीवर पेढे वाटले गेले असते.

महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध उभे राहणारे म्हणजे अर्थात पंढरीचे. पुंडलिकाने वीट भिरकावली आणि तीवर देव अठ्ठावीस युगे उभा राहिला. उभ्या असलेल्याच्या पायाखाली काहीतरी सरकवायचे आणि आपल्या कामाला लागायचे, ही रीत थेट तिथपर्यंत जाते. पुंडलिकाने वीट दिली, पाट दिला नाही, हे मी नुसते नोंदवून ठेवतो. देवाचे हात कमरेवर का, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. कापडाच्या दुकानात दिवाळीच्या आठवड्यात गठ्ठे उलगडणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा, तो एका वाक्यात सांगेल.

हे सगळे सुचायला कारण झाली एक सुखतळी. सुखतळी म्हणजे जोड्याच्या आत, तळव्याखाली घालतात तो सुटा पातळ तळ. हल्ली दुकानात 'इनसोल' म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही. पण जुने कारागीर सुकतळा किंवा सुखतळी म्हणत. शब्द सुखावरून आला की सुक्या कातड्यावरून, हा वाद मी पंडितांवर सोपवतो. मला आपले सुख बरे वाटते.

माझा पुतण्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटांवर चिमुकले सुटे भाग बसवण्याचे काम करतो. सगळी पाळी उभ्याने. दिवाळीला तो आला तेव्हा त्याच्या बुटातली सुखतळी मी काढून निरखली. (लोक पाहुण्याने आणलेल्या मिठाईकडे बघतात, मी बुटांकडे.) टाचेला खोलगट, तळव्याच्या कमानीला उंचवटा, वरून मऊ आणि खालून मात्र काजळासारखी काळीकुट्ट.

"काका, ही साधी नाही," तो म्हणाला. "हिच्यातून वीज जाते."

आमच्या पिढीला वीज आणि पादत्राण यांचा एवढाच संबंध ठाऊक, की फ्यूज बदलताना पायात रबरी चप्पल हवी. वीज अंगातून जाऊ नये म्हणून! आणि इथे वीज जावी म्हणून पैसे खर्चून सुखतळी घेतलेली. मग मी या वस्तूची कुळकथा धुंडाळायला लागलो, तेव्हा लक्षात आले की हिची कुळे दोन. मऊपणाचे घराणे वेगळे आणि काळेपणाचे वेगळे. दोघांचे लग्न फार उशिरा झाले.

आधी मऊपणाचे घराणे. उभ्याने दुकानदारी करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी नव्हे. सोनार बसून, शिंपी बसून, चांभार बसून, वाणी तर बसूनच. कापडाचा व्यापारी पांढऱ्या गादीवर लोडाला टेकलेला असे, गिऱ्हाईकही चपला काढून त्याच गादीवर चढे, मध्ये लुगडी पसरलेली आणि बाजूला चहाचे कप. घेणारा, देणारा आणि दाखवणारा असे तिघेही बसलेले, त्यामुळे घासाघीस तासभर चालली तरी कुणाची पोटरी दुखत नसे. पुढे काउंटर आले, काचेची कपाटे आली, वर छताला पंखे आले आणि गादी गेली. मालक गल्ल्यामागे बसलेलाच राहिला. उभा राहिला तो नोकर.

नुसते उभे राहण्यात एवढे काय आहे, असे बसलेल्या माणसाला नेहमी वाटते. याचे उत्तर इटलीतल्या एका डॉक्टराने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. बर्नार्डिनो रामाझिनी त्याचे नाव. १७०० साली मोदेना गावी त्याने कामगारांच्या आजारांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ छापला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू धंदा काय करतोस?' हाही प्रश्न विचारत जा, असे त्याने डॉक्टरांना बजावले. (आजचे डॉक्टर हा प्रश्न विचारतात, पण तो फी ठरवण्यासाठी असावा.) या ग्रंथात उभ्याने काम करणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या पायांवरच्या शिरा सुजून गाठाळतात हे त्याने पाहिले, आणि आणखी एक गंमत पाहिली. माणूस चालून जितका दमतो त्याहून नुसता उभा राहून अधिक दमतो.

कारण आता आपल्याला माहीत आहे. पायांत उतरलेले रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात. चालताना ते आवळतात, सैल होतात आणि रक्त वर ढकलतात. एका जागी उभे राहिले की पंप बंद. म्हणून तर कवायतीत ताठ उभा असलेला धट्टाकट्टा शिपाई धाडकन पडतो आणि त्याच मैदानावर पळणारा पोरगा पडत नाही. ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे. तळव्याखाली कितीही मऊ गादी घातली तरी तळव्याचे दुखणे हलके होते, पंप काही सुरू होत नाही.

आता लंडनला चला, कारण एकोणिसाव्या शतकात उभ्याने दुकानदारी करण्याचे शास्त्र तिथे पूर्णत्वाला गेले होते. मोठमोठी दुकाने, झुंबरे, आरसे, आणि काउंटरमागे रांगेने काळ्या पोशाखातल्या मुली. गिऱ्हाईक असो नसो, बसायचे नाही. बसलेली मुलगी आळशी दिसते आणि आळशी मुलीचे दुकान चालत नसणार असे गिऱ्हाईकाला वाटते, हे तर्कशास्त्र. मुलांचेही हाल तेच. पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक एच. जी. वेल्स १८८१ ते १८८३ साउथसी गावच्या कापडदुकानात उमेदवारी करत होता. दिवसाला तेरा तास काम आणि रात्री इतर उमेदवारांबरोबर एका खोलीत झोप. त्या दुकानदारीचा राग त्याने १९०५ च्या 'किप्स' कादंबरीत काढला. प्रत्येक विक्रेत्याला कादंबरी लिहिता येत नाही, हे दुकानदारांचे नशीब.

१८८६ साली तिथल्या पार्लमेंटला दया आली आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना दुकानात राबवण्यावर मर्यादा घातली गेली. मर्यादा किती? आठवड्याला ७४ तास. ही दया बरं का. दया नव्हती तेव्हा काय असेल ते तुम्हीच गणित करा.

मग डॉक्टरांनी ओरड केली, बायकांच्या संघटनांनी अर्ज केले, आणि १८९९ मध्ये खास खुर्च्यांचा असा कायदा झाला. दुकानातल्या दर तीन स्त्री-नोकरांमागे निदान एक बैठक ठेवलीच पाहिजे. अंमल १ जानेवारी १९०० पासून. तिघींत एक! कायदा करणाऱ्यांनी लहानपणी संगीत खुर्ची भरपूर खेळलेली असणार. पुरुष नोकरांना या हिशेबात एक तृतीयांश खुर्चीसुद्धा नव्हती. आणि खुर्ची ठेवणे एक, तिच्यावर बसू देणे दुसरे. ठेवलेली खुर्ची इन्स्पेक्टरला दिसते. तिच्यावर बसलेली मुलगी मालकाला दिसते. आपल्याकडे सरकारी कचेरीतला तक्रारपेटीचा अनुभव ज्यांना आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

खुर्चीचा प्रश्न असा लोंबकळत असताना अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या मुलाला दुसरी युक्ती सुचली. विल्यम शोल, जन्म १८८२, इंडियाना प्रांत. घरात भावंडे तेरा, त्यामुळे घरचे जोडे शिवता शिवताच पोरगा कारागीर झाला. पुढे शिकागोच्या एका जोड्यांच्या दुकानात नोकरीला लागला आणि तिथे त्याने ज्या गोष्टीकडे इतर विक्रेते नाक मुरडून पाहतात त्या गोष्टीकडे नीट पाहिले. म्हणजे गिऱ्हाइकांचे पाय. खचलेल्या कमानी, भोवऱ्या, वाकडी बोटे. रात्रीचा अभ्यास करून तो डॉक्टर झाला आणि १९०४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कमानीला आधार देणारी एक सुखतळी त्याने बाजारात आणली. कातडे आणि धातूची लवचीक पट्टी. नाव 'फूट ईझर'. पावलातली हाडे सव्वीस, हे लोकांना पटावे म्हणून तो खिशात पावलाचा सांगाडा घेऊन दुकाने हिंडायचा आणि तो काउंटरवर ठेवूनच बोलायला लागायचा. काउंटरवर हाडे ठेवणाऱ्या माणसाला दुकानदार 'उद्या या' म्हणू शकत नसावेत. धंदा धो धो चालला. शोल १९६८ मध्ये वारला तेव्हा त्याचे नाव देशोदेशींच्या औषधांच्या दुकानांत टांगलेले होते.

माणूस कर्तबगार, यात वादच नाही. पण हिशेब बारकाईने पाहा. खुर्ची मालकाला विकत घ्यावी लागते, शिवाय ती जागा अडवते, आणि नोकर तिच्यावर बसतो. सुखतळी नोकर आपल्या पगारातून घेतो, ती बुटात दिसत नाही आणि नोकर उभाच राहतो. आता सांगा, मालकांच्या सभेत दोहोंपैकी कोणता शोध टाळ्यांनी मंजूर होईल?

हे झाले मऊपण. काळेपणाच्या घराण्याचा मूळ पुरुष मात्र रबर. माणूस अनवाणी होता किंवा कातड्याचे जोडे घालत होता तोवर अंगावर साठलेली वीज घामट तळव्यांतून गुपचूप जमिनीत जात होती. गुडइयर साहेबाने १८४४ साली रबर टिकाऊ करण्याचे पेटंट घेतले, रबरी तळ आले, आणि माणूस जमिनीपासून तुटला. मागाहून नायलॉन-टेरिलीन आले. कोरड्या हवेत रबरी बूट घालून गालिच्यावरून चालत गेले तर अंगावर दहा हजार व्होल्टच्याही वर दाब साठू शकतो. घाबरू नका, विजेचा साठा अगदी नगण्य असतो म्हणून दाराच्या मुठीला हात लागताच नुसता चटका बसतो. मुंबईकराला हे खरे वाटणार नाही, कारण तिथल्या दमट हवेत वीज अंगावर टिकतच नाही. पण नागपूरला डिसेंबरात लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढताना होणारी चटचट ऐकलेल्यांना साक्षीची गरज नाही.

हा चटका पहिल्यांदा भलताच महागात पडू लागला तो ऑपरेशनच्या खोलीत. बोस्टनमध्ये १८४६ साली ईथरची भूल दिली गेली तेव्हापासून जगभर ईथर. १९३० नंतरच्या दशकात सायक्लोप्रोपेन आला. दोन्ही पेट घेणारे, ऑक्सिजन मिसळला की स्फोट. रोगी निजलेला, डॉक्टर आणि नर्स तासन् तास उभे, पायांत रबरी तळ, अंगावर साठलेली वीज, आणि एक ठिणगी! असे स्फोट प्रत्यक्ष झाले, माणसे गेली. मग उपाय निघाले. नायलॉन बंद, सुती कपडे, हवेत ओलावा, वीज वाहून नेणारी फरशी आणि तसेच बूट. वीज रबरातून जाईना, म्हणून रबरात काय मिसळले? काजळी. कारखान्यात बनवलेली अतिशय बारीक काजळी. आपण बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला काजळाची तीट लावतो. पाश्चात्त्यांनी तीच सर्जनच्या टाचेला लावली. १९५६ मध्ये हॅलोथेन हे न पेटणारे औषध वापरात आले आणि ही धास्ती हळूहळू संपली.

काळे बूट तेव्हा अडगळीतच जायचे, पण त्यांना नवे यजमान मिळाले. १९५९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत एका नव्या जातीचा ट्रान्झिस्टर जन्मला. आजच्या चिपमध्ये याचीच कोट्यवधी पिल्ले असतात. त्याच्या पोटात काचेसारखा इतका पातळ पापुद्रा असतो की शंभर व्होल्टचा किंवा त्याहूनही हलका ठोसा त्याला भोक पाडतो. माणसाला स्वतःला चटका जाणवायला लागतात सुमारे तीन हजार व्होल्ट. म्हणजे तुम्ही चिपला हात लावून मारून टाकाल आणि तुम्हाला त्याची गंधवार्ताही नसेल. १९८२ मध्ये तर अमेरिकेत या नुसत्या चटक्याचा बंदोबस्त करण्यासाठी तज्ज्ञांची एक संघटनाच स्थापन झाली. चिप बनवणाऱ्या माणसाचे पाय दुखतात म्हणून अशी जागतिक धावपळ झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुतण्याच्या कारखान्यात रोज सकाळी कामाला जाण्याआधी एक विधी असतो. बूट घालून लोखंडी पत्र्यावर उभे राहायचे आणि बटण दाबायचे. हिरवा दिवा लागला तर आत, तांबडा लागला तर बाहेर. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात याचे तळवे सुजले. माझ्या वहिनीने मायेने जुन्या स्पंजच्या चपलेचे दोन मऊ तुकडे कापून त्याच्या बुटात बसवले. दुसऱ्या दिवशी दिवा तांबडा. पुन्हा बटण, पुन्हा तांबडा. मागे रांग खोळंबली. आईची माया विजेला पार होऊ देईना! बुटाचा तळ काळा, फरशी खास, पण मध्ये स्पंज आडवा आलेला. ते तुकडे तिथेच काढून टाकावे लागले आणि तो दिवसभर पुन्हा त्या टणक तळावर उभा राहिला. मऊपण आणि काळेपण यांचे लग्न का लावावे लागले, ते मला या गोष्टीवरून कळले. उभे राहणाऱ्याला मऊ हवे, चिपला काळे हवे, आणि दोघांची सोय एकाच सुखतळीत झाली तरच माणूस दारातून आत जातो.

अशा बुटांची विजेला अडवण्याची ताकद किती असावी, याचे आंतरराष्ट्रीय माप ठरलेले आहे. कमीत कमी १ लाख ओहम, जास्तीत जास्त १०० कोटी ओहम. हे आकडे मला आधी रुक्ष वाटले. मग त्यांचा अर्थ समजला. वरची हद्द मालासाठी आहे; त्याहून जास्त अडवले तर वीज अंगावर साठून राहील आणि माल खराब होईल. खालची हद्द मात्र माणसासाठी आहे. बूट अगदीच मोकळेपणी वीज वाहू देऊ लागला आणि चुकून एखाद्या उघड्या तारेला हात लागला तर माणूस जागच्या जागी जाईल, म्हणून निदान एक लाखाचा अडसर ठेवायचा. एवढ्या सगळ्या शास्त्रात उभ्या माणसाचा असा स्वतंत्र विचार कुठे केला असेल तर तो त्या एका लाखात. मी पुतण्याला हे सांगितले. तो म्हणाला, "काका, पायमोज्याला घाम आला की दिवा पटकन हिरवा होतो." प्रत्येक जण इतिहासातून आपल्या उपयोगाचे तेवढे घेतो.

आणि बसण्याचे काय? आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ४४ वे कलम होते. ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांना कामाच्या ओघात सवड मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय केली पाहिजे, असे ते सांगत असे. कलम सुरेख होते. फक्त सवड कुणी द्यायची ते त्यात नव्हते. शिवाय ते कारखान्यांना लागू होते, दुकानांना नाही. दुकानांतल्या बायकांसाठी हा झगडा आपल्या देशात केरळने केला. कोळीकोडला मिठाई तेरुवु नावाचा गजबजलेला बाजार आहे. नाव मिठाईचे, पण तिथल्या दुकानांतल्या बायकांना दिवसभर टेकायची मुभा नव्हती आणि स्वच्छतागृहाचीही मारामार. त्यांनी 'पेनकूट्टु' नावाची आपली संघटना बांधली. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमध्ये एका मोठ्या साडीच्या दुकानातल्या विक्रेत्या बायका बसायच्या हक्कासाठी दुकानाबाहेर संपावर बसल्या. बसण्यासाठी आधी रस्त्यावर जावे लागले, ते सोडा. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूने. लंडनच्या त्या तिघींत एका खुर्चीनंतर केरळच्या खुर्चीला यायला ११९ वर्षे लागली. इथे मात्र पुरुषही हिशेबात आहेत, आणि तिघांत एक हे गणित नाही.

हे सगळे मी घरात मोठ्या उत्साहाने वाचून दाखवत होतो. कुटुंब पोळ्या लाटत होते. ४४ व्या कलमाशी आलो तेव्हा लाटणे थांबले.

"ओट्याला कितवं कलम लागतं?" तिने विचारले.

प्रश्न ऐतिहासिकदृष्ट्या बिनतोड आहे. माझी आजी जमिनीवरच्या चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करायची. डोळ्यांत धूर जायचा, उठता-बसता गुडघे बोलायचे, पण ती बसलेली असायची. मग फ्लॅट आले, गॅस आला, कडाप्प्याचा ओटा आला. धूर गेला, वाकणे गेले, सगळ्यांनी सुधारणा झाली म्हणून आनंद मानला, आणि घरोघरच्या बायका गादीवरून उठवलेल्या दुकानातल्या नोकरासारख्या उभ्या झाल्या. त्यांचे तास कोणत्याही कायद्यात मोजलेले नाहीत. पायांत बूट नाहीत, त्यामुळे सुखतळीचाही प्रश्न मिटला; फरशी आणि तळवा यांच्यामध्ये काहीच नाही.

त्याच आठवड्यात आम्ही ओट्याच्या उंचीला जुळेल असे एक उंच स्टूल आणले. भाजी निवडायला, कणीक भिजवायला त्याचा उपयोग होतो, असे तिचे म्हणणे. पोळ्या मात्र बसून लाटता येत नाहीत, हात हवा तसा दाबत नाही. त्या वेळात स्टुलावर पिठाचा डबा बसलेला असतो.